घरचा संगणक सुरू होत नाही? दोष कोठे आहे ते असे शोधा

विहिरीवरील विद्युत मोटार चालू झाली नाही तर आपण ती लगेच उतरवून रिवाइंडिंगच्या दुकानात नेत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का ते पाहतो, फ्यूज काढून बघतो, स्टार्टरचे बटण दाबल्यावर आत 'खट्' आवाज येतो का ते ऐकतो आणि मग केबलचे जोड तपासतो. पुष्कळ वेळा दोष तेथेच सापडतो व पाणी सुरू होते. घरातील संगणकाच्या बाबतीत मात्र हाच शेतकरी गांगरून जातो. बटण दाबले, पडदा काळा राहिला, की कॅबिनेट उचलून तालुक्याच्या गावी न्यायचे आणि दुकानदार म्हणेल ते मान्य करायचे असा प्रघात पडला आहे.

यात दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मोठे नुकसान दुसरेच असते. द्राक्ष व डाळिंब बागायतदारांच्या फवारणीच्या नोंदी, मजुरांची हजेरी, दुधाचा हिशोब, बँकेचे कागद, योजनांच्या अर्जांच्या प्रती असे सर्व काही आता संगणकात असते. यंत्र बाजारात पुन्हा मिळते, परंतु सहा हंगामांच्या नोंदी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणून दोष शोधण्याची रीत प्रत्येकाने शिकून घेणे जरूर आहे. यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. एक टेस्टर, एक स्क्रू-ड्रायव्हर, शक्य असल्यास साधा मल्टिमीटर आणि थोडा धीर एवढे साहित्य पुरते.

सुरू होण्याचा क्रम

बटण दाबल्यानंतर संगणक चार पायऱ्या चढतो. पहिली पायरी विजेची. कॅबिनेटमधील एसएमपीएस नावाची पत्र्याची पेटी घरातील २३० व्होल्टचा प्रवाह घेऊन त्याचे १२, ५ व ३.३ व्होल्ट असे सौम्य प्रवाह तयार करते. दुसऱ्या पायरीवर मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो, म्हणजे रॅम आहे का, पडद्याची व्यवस्था आहे का, कळफलक जोडला आहे का हे पाहतो. तिसऱ्या पायरीवर तो डिस्क शोधतो. चौथ्या पायरीवर त्या डिस्कवरील विंडोज सुरू होते. संगणक कोणत्या पायरीवर अडखळला हे ओळखले की निम्मे काम झाले असे समजावे. पंखा फिरत नसेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही, आणि विंडोजचे चिन्ह पडद्यावर दिसून नंतर तो बंद पडत असेल तर फ्यूज तपासत बसू नये.

वीजच पोचत नसेल तर

बटण दाबूनही दिवा लागत नाही, पंखा हलत नाही, आवाज नाही, अशा वेळी सर्वप्रथम भिंतीवरील सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहावा. तो लागला तर यूपीएसकडे वळावे. खेड्यातील संगणकांमध्ये मला सर्वांत जास्त दोष येथेच आढळले आहेत. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर क्षमतेची शिशाची बॅटरी असते व ती साधारणतः दोन-तीन वर्षे टिकते. आपल्याकडे रात्री कृषिपंप सुरू झाले की डी.पी.वरचा भार वाढून व्होल्टेज खाली येते. यूपीएसला ते पुरेसे वाटत नाही, तो बॅटरीवर जातो, पुन्हा विजेवर येतो. असे रात्रीतून अनेकदा झाले की बॅटरी मुदतीआधीच संपते. बॅटरी संपलेले काही यूपीएस वीज असूनही सुरू होत नाहीत, काही सतत पिंपी करून बंद पडतात. यूपीएस बाजूला काढून संगणक थेट सॉकेटला जोडावा. सुरू झाला तर फक्त बॅटरी बदलावयाची आहे, संगणक दुरुस्तीला नेण्याचे कारण नाही.

थेट जोडण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून घेणे चांगले. हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसवर '१००-२४०' असे छापलेले असते, ते कमी दाबावरही चालतात. जुन्या एसएमपीएसच्या मागील बाजूस ११५ व २३० असे लिहिलेले लाल सरकते बटण असते. ते २३० वरच असावे. लहान मुलाने खेळता खेळता ते ११५ वर सरकवले व कोणी वीज सुरू केली तर एसएमपीएस आवाज करून जळतो. याउलट न्यूट्रल तार तुटली तर सिंगल फेजच्या घरात दाब एकदम वाढू शकतो. दिवे अचानक लख्ख पेटले की संगणकच नव्हे, घरातील सर्व उपकरणे तत्काळ बंद करून वायरमनला बोलवावे.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटते अशी तक्रार अनेकजण करतात. ते यंत्र बिघडल्याचे लक्षण नसून बहुधा घराला अर्थिंग नसल्याचे लक्षण आहे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकणे हा त्यावरचा उपाय मुळीच नव्हे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे. मोटारीसाठी आपण ते करतोच, घरासाठी विसरतो.

वीज ठीक असूनही संगणक निपचित असेल तर एक साधा उपाय करावा. प्लग काढून टाकावा, सुरू करण्याचे बटण तीस सेकंद दाबून धरावे व मग प्लग लावून पुन्हा प्रयत्न करावा. आतील भागांत अडकून राहिलेला भार त्यामुळे निघून जातो व पुष्कळदा संगणक सुरू होतो. लॅपटॉपलाही हेच करावे, मात्र चार्जर काढून, आणि बॅटरी निघणारी असल्यास तीही काढून. लॅपटॉपची बॅटरी फुगून खालचे झाकण वर आले असेल तर तो चार्जिंगला अजिबात लावू नये.

एवढ्यानेही काम झाले नाही तर कॅबिनेट उघडावे. प्लग काढलेला असावा व आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. आत काय काय सापडते ते सांगितले तर हसू येईल. मुंग्यांची वारुळे, पालीची अंडी, पाठीमागच्या छिद्रांत कुंभारणीने केलेले मातीचे घर, आणि कापूस साठवलेल्या घरात तर पंख्यावर बोटभर जाडीची सरकी-धुळीची गादी. उंदराने कुरतडलेली वायर हा नेहमीचा प्रकार आहे. समोरच्या बटणापासून मदरबोर्डपर्यंत जाणारी दोन तारांची बारीक जोडणी निघालेली असली तरी संगणक मेल्यासारखा दिसतो. धूळ मऊ ब्रशने किंवा हातपंपाने काढावी. पंख्याचे पाते बोटाने धरून मगच हवा मारावी. एका उत्साही तरुणाने ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर लावल्याचे मी पाहिले आहे. हवेबरोबर आलेल्या तेल-पाण्याने मदरबोर्ड कायमचा गेला.

एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही उघडू नये. तीत प्लग काढल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टच्या पुढे भार साठून राहतो. ओळखीच्या एखाद्याचा चांगला एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे हाच त्याचा खरा तपास होय. त्याचा पंखा फिरला म्हणजे तो निर्दोष, असे समजू नये. भार आल्यावर दम तोडणारे एसएमपीएसही असतात, जसा मोकळी फिरणारी मोटार पाण्यात सोडल्यावर थांबते.

पंखा फिरतो पण पडदा काळा

येथे आधी पडद्याचीच खात्री करावी. मॉनिटरवर 'नो सिग्नल' अशी अक्षरे येत असतील तर मॉनिटर चांगला आहे, त्याला वरून चित्र मिळत नाही एवढेच. केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवावी. वेगळे ग्राफिक कार्ड असलेल्या संगणकात केबल त्या कार्डालाच लावावी लागते. झाडलोट करताना निघालेली केबल चुकीच्या जागी लावल्याने 'बिघडलेले' संगणक काही कमी नाहीत. कळफलकावरील कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक आतून जागा आहे व दोष चित्राच्या बाजूला आहे.

दिवा लागत नसेल तर रॅम संशयित. पावसाळ्यानंतर, विशेषतः कोकणपट्टीत, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर दमट हवेचा थर बसून संपर्क तुटतो. दोन्ही बाजूंचे खटके उघडून रॅम काढावी, पट्ट्या पेन्सिलीच्या खोडरबराने हलक्या हाताने घासाव्यात, चुरा झटकावा व 'टक्' आवाज येईपर्यंत सरळ दाबून बसवावी. ओले फडके लावू नये. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावी म्हणजे सदोष कोणती ते कळते. काही मदरबोर्ड अशा वेळी शिट्टीसारखे आवाज करतात. त्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तरी लागोपाठ येणारा आवाज बहुधा रॅमचा असतो. मदरबोर्डवरील छोट्या दंडगोल कपॅसिटरांची टोपी फुगलेली किंवा चिघळलेली दिसली तर पुढे प्रयत्न न करता तो जाणकाराला दाखवावा.

संगणक सुरू होऊन चार-पाच मिनिटांतच बंद पडतो, थंड झाल्यावर पुन्हा तेवढाच चालतो, हा उष्णतेचा दोष आहे. प्रोसेसरवरचा पंखा व त्याखालील पन्हाळी साफ करावी.

तारीख चुकते, डिस्क सापडत नाही

मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्याएवढा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला की संगणकाची तारीख मागे जाते व प्रत्येक वेळी 'एफ १' दाबण्याची सूचना येते. तारीख चुकीची असली की बँकेची व शासनाची संकेतस्थळेही सुरक्षेच्या कारणास्तव उघडत नाहीत, आणि आपण इंटरनेटला दोष देतो. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलण्यापूर्वी बायोसमधील डिस्कविषयीच्या पानाचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा. सेल काढल्यावर त्या नोंदी मूळ स्थितीला जातात व डिस्कची पद्धत बदलली गेली तर विंडोज उघडत नाही.

आता डिस्क न सापडण्याविषयी. येथे मी स्वतःच्या घरातील गोष्ट सांगतो, कारण ती लपवण्यासारखी नाही. माझ्या थोरल्या बंधूंची द्राक्षबाग आहे. २०१३ च्या जानेवारीत, माल काढणीला आलेला असताना, त्यांचा संगणक काळ्या पडद्यावर ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही असा मजकूर दाखवून थांबला. त्यात सहा हंगामांच्या फवारणीच्या नोंदी होत्या. कोणते औषध, किती मात्रा, कोणत्या तारखेला, काढणीपूर्वी किती दिवस सोडले हे सर्व निर्यातीसाठी दाखवावे लागते. घाईघाईने कॅबिनेट तालुक्याच्या एका दुकानात नेले. दुकानदाराने 'विंडोज उडाली' असे सांगून डिस्क फॉरमॅट केली व दुसऱ्या दिवशी चकाचक संगणक परत दिला. विचारले तर म्हणाला, "डेटा ठेवायचाय असं तुम्ही बोलला नाहीत." ते खरेही होते. चालू हंगामाची वही दादांनी हाताने लिहिलेली होती म्हणून त्या वर्षीचा माल गेला. मागील सर्व नोंदी गेल्या त्या गेल्याच.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात तोच संगणक पुन्हा तोच मजकूर दाखवून थांबला. या वेळी मी घरी होतो. पाहतो तो मागच्या बाजूला पुतण्याचा पेन ड्राइव्ह लावलेला. तो काढला, संगणक पुन्हा सुरू केला, विंडोज आली. त्या संगणकाच्या बायोसमध्ये आधी पेन ड्राइव्ह पाहावा व मग डिस्क असा क्रम लावलेला होता. पेन ड्राइव्हवर विंडोज नसल्याने तो तेथेच अडला. आदल्या वर्षीही तोच पेन ड्राइव्ह कॅबिनेटबरोबर दुकानात गेला असावा असे पुतण्या म्हणाला. दादा त्यावर काही बोलले नाहीत.

तेव्हा असा मजकूर आल्यास पेन ड्राइव्ह, कार्ड, प्रिंटर, सर्व जोडण्या काढाव्यात व पुन्हा सुरू करावे. मग बायोसमध्ये जाऊन (बहुधा सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ २' दाबून) डिस्कचे नाव यादीत दिसते का पाहावे. दिसत असेल तर क्रम बदलून ती पहिली करावी. दिसत नसेल तर कॅबिनेटमधील डिस्कच्या दोन्ही वायरी, एक विजेची व एक पातळ सपाट डेटाची, काढून घट्ट लावाव्यात. डिस्कमधून 'टक् टक्' असा ठरावीक आवाज येत असेल तर मात्र तेथेच थांबावे. ती अखेरची घरघर आहे. प्रत्येक वेळी सुरू करून पाहण्याने उरलेसुरले नोंदींचे भागही जातात.

विंडोज मध्येच अडते

चिन्ह दिसते, ठिपके फिरतात, निळा पडदा येतो आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो, हे चक्र चालत राहते. विंडोज १० व ११ मध्ये लागोपाठ दोन-तीन वेळा असे झाल्यास दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यातील ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रिस्टार्ट करावे व ४ हा अंक दाबावा. यालाच सेफ मोड म्हणतात. यात विंडोज अगदी आवश्यक तेवढ्या भागांवर उघडते. अशी उघडली तर अलीकडे टाकलेला प्रोग्राम किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर काढून टाकावा. दोष त्यातच असण्याचा संभव अधिक.

हा उपाय किरकोळ समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडील विमानतळांवरही त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या संगणकांवर सांगितला गेलेला उपाय हाच होता, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढणे. डिस्क फॉरमॅट करण्याची गरज नव्हती.

'रिसेट धिस पीसी' हा पर्याय अगदी शेवटी वापरावा. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडले तरी टाकलेले प्रोग्राम जातात व हिशोबाच्या प्रोग्रामने स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या नोंदी राहतीलच याची खात्री नसते. नवीन लॅपटॉपमध्ये आणखी एक मेख आहे. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकर या कुलपाने बंद केलेली असते व दुरुस्तीच्या वेळी पडदा ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खाते कोणत्या मोबाइल क्रमांकावर उघडले होते ते घरात कोणाला आठवत नाही. लॅपटॉप चांगला चालू असतानाच ती किल्ली खात्यातून काढून कागदावर लिहावी व सातबाराच्या फायलीत लावून ठेवावी.

आधी नोंदी, मग यंत्र

विंडोज उघडत नाही म्हणजे नोंदी गेल्या असे नव्हे. डिस्क शाबूत असेल तर तीवरील फायली जशाच्या तशा असतात. त्या दोन प्रकारे काढता येतात. डिस्क काढून, बाजारात मिळणाऱ्या यूएसबी कन्व्हर्टरने दुसऱ्या संगणकाला जोडणे ही सोपी पद्धत. दुसरी, शेजारच्या चालू संगणकावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तयार करून आपला संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करणे. त्यात 'ट्राय' हा पर्याय निवडावा. चुकून 'इन्स्टॉल' निवडल्यास डिस्क पुसली जाण्याचा धोका आहे. डिस्कला कुलूप असेल तर दोन्ही पद्धतींत वरील किल्ली लागतेच.

चुकून फॉरमॅट झालीच तर त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नये, विंडोजसुद्धा टाकू नये. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरील पुसलेल्या फायली वर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बऱ्याच अंशी परत मिळू शकतात. एसएसडीमध्ये ही आशा फारच कमी असते, कारण ती पुसलेली जागा स्वतःहून मोकळी करते. दादांच्या डिस्कवर दुकानातच नवीन विंडोज टाकली गेली होती आणि आम्हाला जाग आली तेव्हा दीड वर्ष उलटले होते.

दुकानात न्यावाच लागला तर

फक्त कॅबिनेट न्यावे. मॉनिटर, कळफलक नेऊ नये. सर्व पेन ड्राइव्ह काढून घ्यावेत. कॅबिनेटवर कागद चिकटवून ठळक अक्षरांत लिहावे की विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, डिस्क बदलल्यास जुनी डिस्क परत द्यावी. संगणक कोणत्या पायरीवर अडतो, पडद्यावर कोणता मजकूर येतो, तो कधीपासून, हेही लिहावे व त्या मजकुराचा फोटो दाखवावा. डॉक्टरकडे जनावर नेताना आपण शेण, चारा, रवंथ सर्व सांगतो, तसेच हे. नवीन विंडोज टाकणारच असतील तर कोणती ते विचारावे. विंडोज १० ची मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असून, विंडोज ११ सर्वच जुन्या संगणकांवर चालत नाही. तुमच्या संगणकावर ती चालते की नाही हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे. आणि कॅबिनेट दुचाकीवर मागे दोरीने बांधून खडीच्या रस्त्याने नेऊ नये. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर गोणपाटाची घडी करून मांडीवर घेऊन एस.टी.ने किंवा जीपने जावे.